खासगी विक्रेत्याकडून जुना ग्रँड पियानो घ्यायचा आहे: न दिसणाऱ्या भागांची परीक्षा कशी करावी?

मूळ लेखन (धागाकर्ती)

गेली बारा वर्षे मी उभ्या पियानोवर वाजवते आहे. आता ग्रँड घ्यावा असे ठरवले आहे, पण नवा परवडण्यासारखा नाही. एका कुटुंबाकडे १९७० च्या दशकातला, सुमारे १८० सेंटिमीटर लांबीचा ग्रँड विकायला आहे असे कळले. ज्या बाई तो वाजवत असत त्या आता हयात नाहीत आणि त्यांचे यजमान तो विकत आहेत. पियानो एका नामांकित कारखान्यातला आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा प्रश्न त्या नावाविषयी नसून या विशिष्ट वाद्याविषयी आहे. गेल्या सात वर्षांत त्याचे ट्यूनिंग झालेले नाही. "फार वाजवलेला नाही, नव्यासारखाच आहे," असे त्यांनी फोनवर सांगितले आणि छायाचित्रांत त्याची चकाकी खरोखरच उत्तम दिसते.

माझी अडचण अशी आहे की स्वर बेसूर आहे की नाही हे मला कळते, पट्टी अडकते की नाही हेही कळते, पण त्याच्या पोटात काय चालले आहे हे पाहण्याची दृष्टी माझ्याकडे नाही. दुकानातून घेतलेल्या वाद्याला निदान काही काळाची हमी असते. येथे पैसे दिले आणि वाद्य दाराबाहेर पडले की सारी जबाबदारी माझी. पुढच्या आठवड्यात मी तो पाहायला जाणार आहे. जाण्यापूर्वी काय विचारावे, तेथे काय पाहावे, आणि कोणत्या दोषासमोर सरळ माघारी फिरावे?

प्रतिसाद १ (ट्यूनिंग व दुरुस्तीचे काम करणारा)

आपला प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. ग्रँड पियानोत जे महाग असते ते बहुतेक दिसत नाही आणि जे दिसते ते बहुतेक स्वस्तात दुरुस्त होते. लाकडावरचा ओरखडा, पट्टीचा तुटलेला टवका, करकरणारे पेडल यांनी घाबरून जाऊ नये, आणि आरशासारख्या चकाकीने भुलूनही जाऊ नये.

जाण्यापूर्वी अनुक्रमांक मागवून घ्या. तो सहसा झाकण उघडल्यावर लोखंडी चौकटीवर, ट्यूनिंगच्या खुंट्यांच्या आसपास असतो. बहुतेक मोठ्या कारखान्यांच्या क्रमांकांवरून निर्मितीचे वर्ष काढता येते. क्रमांक एकपासूनच सुरू झाले असतील असे मात्र गृहीत धरू नका, कारण स्टाइनवे या नामांकित कंपनीच्या न्यूयॉर्कमधील पहिल्याच पियानोवर ४८३ हा क्रमांक होता. विक्रेते वय सांगताना पुष्कळदा प्रामाणिकपणे चुकतात. घरात वाद्य आले ते वर्ष त्यांच्या लक्षात असते, वाद्य तयार झाले ते वर्ष नसते.

आता पोटातल्या गोष्टी. पियानोत साधारण २३० तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. हा सगळा ताण ओतीव लोखंडाची चौकट पेलते. अखंड ओतीव चौकटीचे पेटंट बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉक यांनी १८२५ मध्ये घेतले, आणि आजचा पियानो ज्या जोरावर वाजतो तो जोर तेथूनच शक्य झाला. त्यामुळे चौकटीला तडा असेल तर बाकी काहीही पाहू नका, नमस्कार करून परत या. बॅटरीच्या प्रकाशात चौकटीच्या दांड्या आणि त्यांचे सांधे नीट न्याहाळा. तडा केसासारखा बारीक असू शकतो.

दुसरी गोष्ट पिनब्लॉक. खुंट्या लोखंडात बसवलेल्या नसतात. त्या चौकटीच्या खाली दडलेल्या, अनेक थर चिकटवून केलेल्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यात निव्वळ घर्षणाच्या बळावर धरलेल्या असतात. लाकूड वर्षानुवर्षे फार कोरड्या हवेत राहिले, किंवा ओल आणि कोरडेपणा यांच्या फेऱ्यांत आकसत-फुगत राहिले, की भोके सैल होतात, खुंटी ताण धरत नाही आणि तार उतरू लागते. असा पियानो ट्यून करता येतो, पण ट्यून राहत नाही. संपूर्ण पिनब्लॉक बदलायचा म्हणजे सगळ्या तारा काढून चौकट उचलणे आले, आणि मध्यम प्रतीच्या वाद्यावर तो खर्च वाद्याच्या किमतीपेक्षा सहज जास्त होतो.

यासाठी एक विनंती कराच: तुम्ही पाहण्यापूर्वी पियानो ट्यून करून घेऊ नका, असे विक्रेत्यांना सांगा. ही विनंती ऐकायला विचित्र वाटते, पण सात वर्षे हात न लागलेला पियानो स्वतःविषयी खरे बोलतो. सगळे स्वर सारखेच थोडे उतरलेले असतील तर ते केवळ दुर्लक्ष आहे. पण शेजारी-शेजारी काही स्वर ठीक आणि मधूनच एखादा भलताच खाली घसरलेला, किंवा एकाच पट्टीच्या तीन तारांपैकी एक पूर्णपणे वेगळी, असे चित्र विखुरलेले दिसले तर खुंट्या सैल असण्याची दाट शक्यता आहे. काल ट्यून केलेल्या वाद्यात हा पुरावा पुसलेला असतो.

तिसरी गोष्ट साउंडबोर्ड, म्हणजे ज्या पातळ स्प्रूस लाकडी फळीतून आवाज उमटतो ती फळी. ती सपाट नसते. तिला तारांच्या दिशेने किंचित बाक दिलेला असतो, आणि घोडीवरून, म्हणजे फळीवर बसवलेल्या लाकडी आधारावरून, जाणाऱ्या तारा त्या बाकावर दाब देतात. पियानोखाली उताणे झोपा, लाज वाटू देऊ नका, आणि फळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, फळीला खालून चिकटवलेल्या आडव्या लाकडी पट्ट्यांना समांतर, दोरा ताणून धरा. मध्यभागी दोरा आणि फळी यांच्यात फट दिसली तर बाक शिल्लक आहे. फळीला उभी चीर असणे हा स्वतःहून मृत्युदंड नव्हे. चीर असूनही सुंदर वाजणारे पियानो मी दरवर्षी ट्यून करतो. चीर आवाज करते का आणि तेथे आडवी पट्टी फळीपासून सुटली आहे का, हे दोन प्रश्न खरे महत्त्वाचे आहेत.

घोडीही त्याच वेळी पाहा. तिच्यात तारांना दिशा देणाऱ्या बारीक खिळ्या ठोकलेल्या असतात. त्या खिळ्यांच्या ओळीने लाकूड फाटले असेल तर तारा जागा सोडतात आणि स्वर खोटा, थरथरता येऊ लागतो. खर्जाची घोडी येथे जास्त दगा देते.

आणि शेवटी, हे सगळे स्वतः पाहून झाले तरी स्वतंत्र तंत्रज्ञाला पैसे देऊन तपासणी करून घ्या. तो विक्रेत्याच्या ओळखीचा नसावा आणि वाद्याच्या विक्रीत त्याचा काहीही वाटा नसावा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादातील ट्यूनिंगविषयीचा परिच्छेद मी चार वर्षांपूर्वी वाचायला हवा होता. मी ज्या दिवशी पियानो पाहायला गेलो त्याच दिवशी सकाळी विक्रेत्याच्या नेहमीच्या ट्यूनरने तो लावून ठेवला होता. आवाज इतका स्वच्छ होता की मी अर्ध्या तासात होकार दिला. घरी आणल्यावर तिसऱ्या आठवड्यात मधल्या सप्तकातले पाच-सहा स्वर उतरले. वाहतुकीमुळे झाले असेल म्हणून पुन्हा लावून घेतला. सहा आठवड्यांनी तेच स्वर, तितकेच खाली. तिसऱ्या वेळी आलेल्या तंत्रज्ञाने किल्ली खुंटीवर ठेवली, हलकेच फिरवली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ही बोटांनीसुद्धा फिरेल."

विक्रेत्याने मला फसवले असे मी म्हणू शकत नाही, कारण त्याला बहुधा हे ठाऊकच नव्हते. दर चार महिन्यांनी ट्यूनर येत असे आणि घरातल्यांना वाटे की आपण वाद्याची किती काळजी घेतो. म्हणून एक प्रश्न आपण अवश्य विचारावा: ट्यूनर किती वेळा येतो? फार क्वचित हे जसे चिंतेचे, तसेच घरगुती वापरात फार वारंवार हेही चिंतेचे आहे.

प्रतिसाद ३ (पियानो शिकवणारी)

तांत्रिक भाग वर उत्तम आला आहे. मी वाजवून पाहण्याविषयी लिहिते, कारण या बाबतीत तंत्रज्ञापेक्षा तुमचे स्वतःचे हात अधिक विश्वासार्ह आहेत.

पहिली वीस मिनिटे कोणतीही रचना वाजवू नका. सर्वांत खालच्या पट्टीपासून सुरुवात करून ८८ पट्ट्या एकेक करून, सारख्याच जोराने, वरपर्यंत वाजवा. मग त्याच पट्ट्या अगदी हळू आवाजात वाजवा. मोठ्या आवाजात सगळे पियानो बरे वाटतात. हलक्या स्पर्शात कोणती पट्टी मुकी राहते, कोणती दचकून ओरडते, हे कळते. त्यानंतर प्रत्येक पट्टी सोडताना आवाज झटकन थांबतो का ते ऐका. डॅम्परचा, म्हणजे तारेवर टेकून आवाज थांबवणाऱ्या भागाचा, नमदा वाळून कडक झाला असेल तर सोडताना फुसफुस किंवा घणघण ऐकू येते.

पुनरावृत्ती पाहणे हे ग्रँडच्या बाबतीत अत्यावश्यक आहे, कारण उभ्या पियानोपेक्षा ग्रँड घेण्याचे एक मुख्य कारणच ते आहे. सेबास्टियन एरार यांनी १८२१ मध्ये पेटंट घेतलेल्या दुहेरी सुटकेच्या यंत्रणेमुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. एक पट्टी अर्धीच वर येऊ देऊन भराभर वाजवून पाहा. काही पट्ट्या साथ देत नसतील तर पुष्कळदा तो केवळ रेग्युलेशनचा, म्हणजे यंत्रणेच्या बारीक जुळणीचा प्रश्न असतो आणि तो सुटण्याजोगा असतो. सगळ्याच पट्ट्या जड आणि आळशी असतील तर मात्र कारण विचारा.

मधल्या स्वरापासून वर साधारण दीड ते अडीच सप्तकांच्या अंतरावर एक पट्टा असतो. तेथे एकेक स्वर जोरात वाजवून धरून ठेवा आणि आस किती वेळ टिकते ते ऐका. जुन्या पियानोचा दम सर्वांत आधी येथे तुटतो. साउंडबोर्डचा बाक गेला की या भागातला स्वर ठोक्यासारखा वाजतो आणि लगेच विरतो. सुरेल गाणारी चाल नेमकी याच भागात वाजवली जाते, म्हणून हा दोष रोज टोचत राहतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते की खर्जाचा गडगडाट ऐकून पियानो निवडू नका, या भागातल्या एका दीर्घ स्वरावरून निवडा.

लांबीविषयीही एक शब्द. तुमचा १८० सेंटिमीटरचा आहे, ही चांगली लांबी आहे. १५० सेंटिमीटरच्या आसपासच्या छोट्या ग्रँडमध्ये खर्जाच्या तारा एखाद्या उंच उभ्या पियानोच्या तारांपेक्षाही आखूड असू शकतात. केवळ आकार ग्रँडचा आहे म्हणून त्यासाठी जास्त पैसे मोजणारे पालक मी पाहिले आहेत आणि त्यांना नंतर सत्य सांगणे मला फार जड गेले आहे.

झाकण उघडे असताना आणि बंद असताना, दोन्ही प्रकारे वाजवा. खोलीत जाड गालिचे आणि पडदे असतील तर आवाज खऱ्यापेक्षा मऊ वाटतो, हेही ध्यानात ठेवा.

प्रतिसाद ४

धागाकर्तीच्या बाबतीत हे लागू नाही, परंतु हा धागा पुढे इतरही वाचतील म्हणून लिहितो. "माझ्या दिवंगत पतीचा ग्रँड पियानो एखाद्या खऱ्या संगीतप्रेमीला विनामूल्य द्यायचा आहे, केवळ वाहतुकीचा खर्च करावा" अशा आशयाचे संदेश इंटरनेटवर पुष्कळ काळ फिरत आहेत. पियानो कधीच नसतो. वाहतूकदार म्हणून ज्याचा पत्ता दिला जातो तो त्याच टोळीचा असतो आणि आगाऊ रक्कम मिळताच सारे गप्प होतात. वाद्य प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि हाताने वाजवल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये. वाहतूकदार नेहमी आपण निवडावा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

काल पाहून आले. तपशीलवार लिहिते, कारण तुम्ही सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले आहे.

क्रमांकावरून निघालेले वर्ष त्यांनी सांगितलेल्या वर्षाच्या चार वर्षे आधीचे आहे, म्हणजे प्रतिसाद १ मधील अंदाज तंतोतंत खरा ठरला. चौकट मला निर्दोष दिसली. मोबाइलवरच्या ट्यूनरने मधला ए हा स्वर, जो आज ४४० हर्ट्झला लावतात, ४३२ हर्ट्झच्या जवळ दाखवला आणि बहुतेक सगळे स्वर साधारण तितकेच खाली होते. मात्र मधल्या भागात नऊ स्वरांत एकेक तार वेगळी, कर्कश लहरणारी आढळली. पियानोखाली झोपून पाहिले तर साउंडबोर्डवर सुमारे वीतभर लांबीची एक चीर आहे. दोऱ्याची फट दिसली, पण ती किती असावी हे मला ठाऊक नाही. खर्जाच्या दोन पट्ट्यांवर झणझण असा आवाज येतो, आणि तो त्या चिरेमुळेच असावा अशी माझी समजूत झाली. हातोड्यांवर तारांच्या खोल खाचा पडल्या आहेत, त्यामुळे "फार वाजवलेला नाही" हे मला पटले नाही. वरच्या भागातली आस मात्र मला सुंदर वाटली. एक स्वर धरला तो मी श्वास रोखून ऐकत राहिले.

अडचण वेगळीच उभी राहिली. तंत्रज्ञाला घेऊन पुन्हा येईन असे म्हणताच त्या गृहस्थांचा चेहरा उतरला. "माझ्या बायकोने हा चाळीस वर्षे जिवापाड जपला आहे, तुम्हाला माझ्या शब्दावर विश्वास नाही का?" असे ते म्हणाले. मला काही उत्तर सुचले नाही. त्यांना दुखवायचे नाही, पण आंधळेपणाने पैसेही द्यायचे नाहीत. काय करावे?

प्रतिसाद ५

मी या व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले आहे. आईचा पियानो मी विकला तेव्हा आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाने झाकण उघडताच दोषांची यादी वाचायला सुरुवात केली. प्रत्येक दोष खरा असेलही, परंतु मला ती यादी आईविषयी वाटली आणि मी त्याला नकार दिला. पुढे दुसऱ्या एका मुलीने आधी बसून वाजवले, आईविषयी विचारले, आणि मग म्हणाली, "हा माझ्याकडे आला तर पुढची कित्येक वर्षे याची काळजी मला घ्यायची आहे, म्हणून कोणत्या काळजीची गरज आहे ते एका जाणकाराकडून समजून घेते. फी मी देईन आणि त्यांनी लिहिलेले सगळे तुम्हालाही दाखवीन." मी आनंदाने होकार दिला. तिने किंमतही कमी करून घेतली, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही, कारण आकडा अहवालातून आला होता, तिच्या तोंडून नव्हे.

त्या गृहस्थांना हेही सांगा की तपासणीचा अहवाल तुम्ही घेतला नाहीत तरी त्यांच्या उपयोगी पडेल. पुढच्या गिऱ्हाइकाला तो दाखवता येईल.

प्रतिसाद ६ (प्रतिसाद १ लिहिणारा)

वरचा सल्ला माझ्या सगळ्या तांत्रिक सल्ल्यापेक्षा मोलाचा आहे. तो तसाच अमलात आणा.

आता तुमच्या निरीक्षणांविषयी. ४४० ऐवजी ४३२ म्हणजे अर्ध्या स्वराच्या एक तृतीयांशाएवढा उतार. सात वर्षांच्या दुर्लक्षाला हे स्वाभाविक आहे. पियानो एका झटक्यात तेथून वर नेता येत नाही. आधी ढोबळपणे सगळा सूर चढवायचा, मग बारीक ट्यूनिंग, आणि काही आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण ताण वाढला की साउंडबोर्ड दबते आणि आधी लावलेले स्वर हलतात. या प्रक्रियेत जुनी, गंजलेली तार तुटू शकते. याहून पुष्कळ जुन्या पियानोविषयी एक टीप: फ्रान्समध्ये १८५९ साली ४३५ हर्ट्झ हे प्रमाण ठरले होते आणि ४४० हे नंतर रूढ झाले, म्हणून एकोणिसाव्या शतकातले वाद्य थोडे खाली असेल तर तो दोषच असेल असे नाही.

चिरेची मला फारशी चिंता वाटत नाही. झणझण चिरेतूनच येते असे इतक्यात ठरवू नका. साउंडबोर्डवर पडलेली पेन्सिल, केसाची पिन, नाणे, सैल झालेला बिजागरीचा स्क्रू, खर्जाच्या तारेवरचे सुटलेले तांब्याचे वेढे, यांपैकी कोणीही तोच आवाज काढू शकते. माझ्या कामाच्या पहिल्या वर्षी मी एका घरात दोन तास साउंडबोर्ड तपासत होतो आणि शेवटी कंप पावत होती ती भिंतीवरची तसबीर.

चिंता मला त्या नऊ तारांची वाटते. तेथे खुंट्या तपासूनच पुढे जावे.

खाचा पडलेल्या हातोड्या तासून पुन्हा आकारात आणता येतात, नमदा पुरेसा शिल्लक असेल तर. हे काम एकदा-दोनदाच करता येते, त्यानंतर नव्या हातोड्या बसवाव्या लागतात. यंत्रणा बाहेर ओढून पाहण्याचा मोह मात्र टाळा. ती सरकवताना चुकून एक पट्टी दाबली गेली तर वर आलेली हातोडी चौकटीला अडकून तिची दांडी मोडते. हे काम तंत्रज्ञालाच करू द्या.

तुम्ही नाव लिहिले नाही हे योग्यच केले, पण इतर वाचकांसाठी नावाविषयी थोडे लिहितो. पट्ट्यांच्या झाकणावर लिहिलेले नाव आणि वाद्य घडवणारा कारखाना एकच असेल असे नाही. क्नाबे, वेबर यांसारखी जुनी अमेरिकन नावे पुढे विकली गेली आणि कोरियन कंपन्यांच्या पियानोंवर आली. ते पियानो वाईट आहेत असा याचा अर्थ नाही, पण शंभर वर्षांपूर्वीच्या कीर्तीची किंमत त्यांच्यासाठी मोजू नये. मोठ्या नावांतही कालखंड पाहावा लागतो: स्टाइनवेच्या न्यूयॉर्क कारखान्यात १९६२ पासून साधारण दोन दशके यंत्रणेच्या सांध्यांत कापडाऐवजी टेफ्लॉनच्या चकत्या वापरल्या गेल्या, आणि हवेतला ओलावा बदलला की त्यांतील काही टिकटिक करू लागतात. ब्लूथनर या जर्मन कंपनीच्या पियानोत वरच्या सप्तकांत चौथी तार दिसली तर गोंधळू नये. ती १८७३ पासूनची त्यांची खास रचना आहे, हातोडी तिला स्पर्शही करत नाही. जुन्या पट्ट्यांवर हस्तिदंत असेल, आणि पट्टीच्या रुंद व अरुंद भागांमधल्या बारीक सांध्यावरून ते ओळखू येते, तर ते वाद्य देशाबाहेर नेण्याआधी कायदा पाहावा. आफ्रिकी हत्तीच्या दंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदीचा निर्णय झाला आणि जुन्या वस्तूंनाही परवाने लागतात.

किमतीचा हिशेब करताना विक्रेत्याने सांगितलेला आकडा हा फक्त पहिला घटक धरा. त्यात वाहतूक, सूर चढवणे, दोन ट्यूनिंग, रेग्युलेशन आणि हातोड्यांचे काम मिळवा, आणि मग त्या बेरजेत दुसरा कोणता पियानो मिळाला असता याच्याशी तुलना करा.

प्रतिसाद ७

वाहतुकीचा उल्लेख आला म्हणून थोडक्यात. १८० सेंटिमीटरचा ग्रँड तीनशे किलोच्या आसपास भरतो. तो स्वतःच्या चाकांवर ढकलत नेऊ नये, ती चाके खोलीत थोडे सरकवण्यापुरती असतात आणि त्यांच्यावर जोर आला की पाय मोडतो. पेडलांचा सांगाडा, झाकण आणि पाय काढून वाद्य सरळ बाजूवर, म्हणजे खर्जाच्या कडेवर, जाड फळीवर उभे करतात आणि पट्ट्यांनी आवळून नेतात. पियानो हलवण्याचाच अनुभव असलेले लोक बोलवा आणि विमा कोणत्या नुकसानीचा आहे हे लेखी घ्या. जिना, वळण आणि दार यांची मापे पैसे देण्यापूर्वी घेतलेली बरी.

धागाकर्तीचा प्रतिसाद

प्रतिसाद ५ मधली वाक्ये मी जवळजवळ जशीच्या तशी बोलले. गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "जाणकार येतील तेव्हा मलाही समोर बसायचे आहे." ते पूर्ण वेळ शेजारी खुर्ची घेऊन बसले होते.

तंत्रज्ञ बाईंनी अडीच तास तपासले. झणझण चिरेतून येत नव्हती. साउंडबोर्डवर, चौकटीच्या दांडीखाली, चष्म्याची एक काडी सापडली. ती हातात घेऊन ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. चिरेपाशी आडवी पट्टी घट्ट चिकटलेली आहे आणि बाक वयाच्या मानाने चांगला आहे, असे तंत्रज्ञ बाईंनी सांगितले. हातोड्या एकदा तासता येतील. घोड्या ठीक आहेत.

खुंट्यांचे मात्र तुम्ही म्हणालात तेच निघाले. माझ्या कानाला नऊ सापडल्या होत्या, मोजपट्टी असलेल्या किल्लीने मोजल्यावर मधल्या भागातल्या चौदा खुंट्यांची पकड कमी भरली. त्या सगळ्या एका सलग पट्ट्यात आहेत आणि बाकीच्या भागात पकड उत्तम आहे. बाईंच्या मते अनेक वर्षे पियानोचा तो भाग उष्णतेच्या झोताजवळ राहिला असावा, आणि गृहस्थांनीही सांगितले की पूर्वीच्या घरात तो हीटरला लागून ठेवलेला होता. त्या चौदा जागी थोड्या जाड खुंट्या बसवता येतील, किंवा आधी पातळ सायनोॲक्रिलेट गोंद भोकांत मुरवून पाहता येईल. बाईंकडून त्याचा अंदाजखर्च मी लेखी घेतला आणि तो, हातोड्यांच्या कामासह, मूळ किमतीतून वजा करून आकडा सांगितला. गृहस्थांनी तो मान्य केला. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पियानो माझ्याकडे येईल.

दोन प्रश्न उरले आहेत. गोंद की जाड खुंट्या? आणि घरी आल्यावर पहिले ट्यूनिंग कधी करावे?

प्रतिसाद ८ (प्रतिसाद १ लिहिणारा)

पूर्वी मी गोंदाच्या विरोधात होतो, कारण ते मला कामचुकारपणाचे लक्षण वाटे. गेल्या काही वर्षांत गोंद मुरवलेल्या खुंट्या वर्षानुवर्षे टिकलेल्या पाहून माझे मत बदलले आहे. मात्र त्यानंतर ती खुंटी बदलायची वेळ आली तर भोक पुन्हा साफ करावे लागते. तुमच्या बाबतीत पट्टा लहान आणि सलग आहे, बाकीचा ठोकळा निरोगी आहे आणि वाद्य तुम्ही दीर्घकाळ ठेवणार आहात, म्हणून मी जाड खुंट्या सुचवीन. त्यासाठी त्या चौदा तारा सोडवाव्या लागतील, म्हणून हे काम सूर चढवण्याच्या आधी, त्याच फेरीत करून घ्या.

पियानो आल्याबरोबर ट्यूनरला बोलावू नका. नव्या खोलीतल्या हवेशी लाकडाला जुळवून घेऊ द्या, त्याला तीन-चार आठवडे लागतात. आजच एक आर्द्रतामापक विकत घ्या आणि ज्या भिंतीशी पियानो ठेवणार आहात तेथे तो ठेवून सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहायला लागा. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आणि मुख्य म्हणजे स्थिर राहिली पाहिजे. आकडे रोज मोठे हेलकावे घेत असतील तर पियानो येण्याआधीच दुसरी भिंत निवडा. हीटर, एअर कंडिशनरचा झोत आणि थेट ऊन या तिन्हींपासून दूर अशी.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आर्द्रतामापक आज आणला. ज्या कोपऱ्यात ठेवायचे ठरवले होते तेथे सकाळी ४६ आणि दुपारी ऊन आल्यावर ३३ भरले, म्हणून आता आतल्या भिंतीजवळ ठेवून पाहते आहे. आठवडाभराचे आकडे येथेच लिहीन. त्या गृहस्थांनी ट्यूनिंग झाल्यावर एकदा ऐकायला येऊ का असे विचारले आहे आणि मी त्यांना चौथ्या आठवड्यानंतरचा रविवार दिला आहे.